घरबसल्या परदेशी भाषा शिकायचीय? बडोद्यातल्या कॉलेजवाल्यांसाठी सुरुवातीपासून सगळं

दर वर्षी नवीन सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर्सचे तेच मेसेज येतात, ताई जर्मन सुरू करायचंय कुठलं अ‍ॅप घेऊ, ताई जपानी ऑनलाइन जमेल का, ताई क्लासची फी परवडत नाही तर काय करू. एकेकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहिते. तुम्ही एम.एस. युनिव्हर्सिटीत कुठल्याही फॅकल्टीला असा, टेक्नॉलॉजी, कॉमर्स, फाइन आर्ट्स, किंवा दुसऱ्या कॉलेजात असा, भाषेचा अगदी शून्य अनुभव धरूनच लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कुठलं अ‍ॅप हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो पण तो खरं तर बराच नंतरचा आहे. आमच्यातले जे कोणी स्वतःच्या जिवावर बी१ पर्यंत, म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत (लेव्हल्स पायरी २ मध्ये सांगते), गेले त्यांच्यात दोनच गोष्टी सारख्या दिसतात, त्यांनी एक कोर्स धरला आणि तो शेवटपर्यंत संपवला, आणि त्यांच्या चुका दाखवणारं कोणीतरी माणूस होतं. बाकी कोणी सकाळी अभ्यास केला कोणी रात्री, कोणी फोनवर कोणी वहीत, त्याने फारसा फरक पडलेला मला दिसला नाही. ज्यांच्या फोनमध्ये सहा अ‍ॅप्स आहेत आणि प्रत्येकात तिसऱ्या धड्यापर्यंतच गाडी गेलीय ते मात्र दोन वर्षांनंतरही नाव-गाव-फळ-फूल इथेच असतात.

पायरी १: भाषा एकच घ्या आणि कशासाठी ते लिहून काढा

जर्मनीत मास्टर्स करायचंय, गुजरातमधल्या जपानी कंपन्यांत काम बघायचंय (हंसलपूरचा सुझुकीचा कारखाना सगळ्यांना माहितीच आहे), की फ्रेंच सिनेमा आवडतो म्हणून शिकायचंय, कारण कुठलंही चालतं पण ते स्पष्ट पाहिजे, कारण त्यावरून ठरतं की परीक्षा द्यायचीय की नाही आणि कुठल्या लेव्हलपर्यंत जायचंय. मैत्रीण शिकतेय म्हणून कोरियन, भाऊ म्हणाला म्हणून जर्मन, असं दोन्ही एकदम सुरू करू नका. एक भाषा किमान ए२, म्हणजे खालून दुसरी लेव्हल, होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि आपल्याला भाषा जमत नाहीत असं म्हणूच नका. बडोद्यातलं मराठी घरातलं पोरगं घरी मराठी, दुकानात गुजराती, मित्रांत हिंदी आणि लेक्चरला इंग्लिश असं दिवसभर करतंच. गुजराती आपल्याला कोणी पुस्तक घेऊन शिकवली नाही, मांडवीत भाजी घेताना, शाळेच्या रिक्षात, शेजारच्या काकींच्या ओट्यावर ऐकून ऐकून आली, आणि चुकलो की समोरचा हसून बरोबर करून द्यायचा. आता जर्मन किंवा जपानी बाहेर रस्त्यावर ऐकू येणार नाही, म्हणून ते ऐकणं आणि ते चूक दाखवणं हे दोन्ही आपल्याला मुद्दाम जमवून आणायचंय, ऑनलाइन अभ्यास म्हणजे मुख्यतः हेच.

मराठीचा फायदाही आहे. जपानीत वाक्याची रचना आपल्यासारखीच, कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी, आणि आपले ला-ने-चा जसे शब्दाच्या मागे लागतात तसेच त्यांचेही छोटे प्रत्यय शब्दाच्या मागेच लागतात, त्यामुळे इंग्लिशमधून जपानी शिकताना जी डोकेदुखी होते ती मराठीतून विचार केला तर बरीच कमी होते. लिपी मात्र मेहनतीची आहे, हिरागाना आणि काताकाना प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आणि मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, ती कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, पण कुठल्या वस्तूचं कुठलं लिंग हे अजिबात जुळत नाही, आपलं दार नपुंसकलिंगी तर त्यांचं स्त्रीलिंगी, आपली खिडकी स्त्रीलिंगी तर त्यांची नपुंसकलिंगी, तेव्हा अंदाजावर जायचं नाही, प्रत्येक शब्द आर्टिकलसकटच, म्हणजे आधी येणाऱ्या डेर-डी-डाससकटच, पाठ करायचा.

पायरी २: लेव्हल समजून घ्या म्हणजे स्वतःची फसगत होत नाही

युरोपियन भाषांच्या सहा पायऱ्या असतात, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. युरोप कौन्सिलने २००१ मध्ये ही चौकट छापली आणि आता बहुतेक कोर्सेस आणि परीक्षा त्याच भाषेत बोलतात. ए१ म्हणजे स्वतःची ओळख, भाव विचारणं, वेळ, रस्ता. बी१ म्हणजे प्रवासात अडलं तर निभावून नेता येतं आणि ओळखीच्या विषयावर आपलं म्हणणं मांडता येतं. जपानीचं वेगळं आहे, तिथे एन५ सगळ्यात खाली आणि एन१ सगळ्यात वर.

किती वेळ लागतो? गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडे ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते, ए१ साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका सांगतं आणि बी१ साठी सुरुवातीपासून धरून ३५० ते ६५०. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज पाऊण तास प्रामाणिकपणे बसलात तर ए१ ला तीन ते साडेसहा महिने आणि बी१ ला एक ते पावणेदोन वर्षं. जपानीला जास्त, अमेरिकन सरकारची जी संस्था आपल्या राजदूतांना भाषा शिकवते ती इंग्लिश बोलणाऱ्यांसाठी जपानीला २२०० क्लासचे तास धरते. मला हे आकडे उलट धीर देणारे वाटतात, कारण तीन महिन्यांत फ्लुएंट वगैरे जाहिराती बघून लोक तिसऱ्या महिन्यात स्वतःला मठ्ठ समजायला लागतात आणि सोडून देतात, आणि खरं तर ते अगदी वेळेवर चाललेले असतात.

पायरी ३: मुख्य कोर्स एक निवडा

मुख्य कोर्स म्हणजे ज्यात धडे क्रमाने आहेत, व्याकरण समजावलंय, ऑडिओ आहे आणि लेव्हल लिहिलेली आहे. पहिले तीन महिने एक रुपयाही घालवू नका, फुकटात चांगलं मिळतं.

जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन सरकारी प्रसारण संस्थेचा निकोस वेग. ए१, ए२, बी१ अशा तिन्ही लेव्हल्स, पूर्ण फुकट. निको नावाचा स्पॅनिश मुलगा जर्मनीत येतो आणि विमानतळावर त्याची बॅग हरवते तिथून गोष्ट सुरू होते, छोटे छोटे व्हिडिओ आणि प्रत्येकाखाली एक्सरसाइज. नवख्या माणसाला मी डोळे मिटून हाच सांगते.

फ्रेंचसाठी टीव्ही५ मोंद या फ्रेंच चॅनेलची शिकण्याची साइट, ए१ ते बी२, तीही फुकट. जपानीसाठी जपान फाउंडेशनचं इरोदोरी नावाचं पुस्तक ऑडिओसकट डाउनलोड करता येतं आणि त्यांचाच मिनातो नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे. कोरियनला कोर्सेरावर योन्से युनिव्हर्सिटीचा फर्स्ट स्टेप कोरियन. शिवाय एनपीटीईएल-स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे जर्मन आणि जपानीचे कोर्स आलेले आहेत, शिकणं फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर फी.

आता ड्युओलिंगो. सगळ्यांच्या फोनमध्ये तेच असतं म्हणून सांगते, ते वाईट नाहीये, रोज भाषेला हात लागतो ही सवय त्याने लागते, पण त्याला मुख्य कोर्स करू नका. तिथे बहुतेक वेळा दिलेल्या शब्दांतून निवडायचं असतं आणि खऱ्या आयुष्यात समोर शब्द ठेवलेले नसतात. स्ट्रीक तीनशे दिवसांची आणि दोन ओळींचा ईमेल लिहिता येत नाही अशी मुलं मी बघितलीत आणि त्यांच्या मेहनतीचं मला मनापासून वाईट वाटतं. बसमध्ये, कॅन्टीनच्या लाइनमध्ये दहा मिनिटं करा, बास.

एकदा कोर्स निवडला की लेव्हल संपेपर्यंत बदलायचा नाही. मधे कंटाळा येतोच, साधारण ए१ च्या दोन तृतीयांशावर येतो, तेव्हा यूट्यूबवर दुसरा कोणीतरी सोप्पं करून सांगणारा दिसतो आणि मन तिकडे जातं. त्याचा तेवढा एक व्हिडिओ बघा, जो मुद्दा कळला नाही तेवढाच, आणि परत आपल्या धड्यावर या.

पायरी ४: वेळ बांधून घ्या, नवरात्र धरून

रोज पाऊण तास, आठवड्यात पाच दिवस, सहावा दिवस उजळणीचा आणि एक दिवस सुट्टी. रविवारी एकदम पाच तास बसण्याचा उपयोग नाही, भाषा रोज थोडी थोडीच मुरते.

सेमिस्टरच्या तारखा समोर ठेवूनच प्लॅन करा. इंटर्नल्सचा आठवडा, गणपती, नवरात्रीच्या नऊ रात्री, उत्तरायण, या दिवसांत पाऊण तास मिळणारच नाही, गरब्यावरून रात्री एकला आलेलं माणूस व्याकरण काय करणार. त्या दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा की फक्त दहा मिनिटं शब्दांची कार्डं (पायरी ६ मध्ये सांगते) आणि एक गाणं किंवा छोटा ऑडिओ, नवीन धडा नाही. असं ठरवलेलं असलं की आपण मागे पडलो असं वाटत नाही आणि दसऱ्यानंतर परत बसणं सोपं जातं. न ठरवता खंड पडला की तो लांबतो, बहुतेकांचं शिकणं तिथेच थांबतं.

जागेचंही बघा. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर हंसा मेहता लायब्ररीत वाचन आणि लिखाण करा, आणि बोलण्याची प्रॅक्टिस कमाटीबागेत सकाळी फिरताना इयरफोन लावून. तिथे मोठ्याने जर्मन बोललात तरी लोकांना वाटतं फोनवर बोलताय.

पायरी ५: पहिले दोन आठवडे फक्त आवाज

इथे घाई करू नका. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी वाक्यं पाठ करायला घेतात आणि उच्चार देवनागरीत लिहून ठेवतात. मी या लेखात देवनागरीत लिहितेय ते वाचायला सोपं पडावं म्हणून, पण तुमच्या वहीत परदेशी शब्द देवनागरीत लिहू नका, कारण मग तोंडात तोच कायमचा बसतो. जपानीवाल्यांनी रोमन अक्षरांवर तर अजिबातच अवलंबून राहू नका, हिरागाना आधी करा, रोज पाच-सहा अक्षरं केली तरी नऊ-दहा दिवसांत होतं.

काही आवाज आपल्याला फुकटात मिळालेले आहेत. जर्मन झेड म्हणजे आपल्या चमचा मधला च, जपानी त्सुनामी मधला त्सु म्हणजे आपल्या चूल मधला चू, फक्त बडोद्यात राहून गुजराती वळणाने चमचाचा च जर चार मधल्या चसारखा झाला असेल तर घरी आजीला चमचा आणि चूल म्हणायला लावा आणि ऐका. जर्मनमधला यू वर दोन टिंबवाला आवाज आणि फ्रेंचचा यू आपल्याकडे नाही, तो असा काढा, तोंडात जीभ ई म्हणण्याच्या जागी ठेवा, म्हणजे खरंच ई म्हणत राहा, आणि आवाज न थांबवता ओठ ऊ सारखे गोल करा. जीभ हलवायची नाही. आरशासमोर दहा वेळा केलं की जमतं.

जपानीत ह्रस्व-दीर्घ फार सांभाळा, ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन बऱ्याचदा बोलत नाहीत, म्हणून फ्रेंच आधी ऐकायचं आणि मग वाचायचं, उलटं केलं तर लिहिलेलं सगळं बोलायची सवय लागते आणि ती जाता जात नाही. एखाद्या शब्दाची शंका असेल तर फॉर्वो नावाची साइट आहे, तिथे त्या त्या देशातल्या लोकांनी शब्द बोलून ठेवलेत.

याच आठवड्यात फोनच्या कीबोर्डमध्ये ती भाषा अ‍ॅड करून टाका, जीबोर्डमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी ६: शब्द विसरणार, त्याची सोय करा

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणजे उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने असं वाढत्या अंतराने परत बघितलं की शब्द टिकतो. हे अंतर आपण वहीत ठेवू शकत नाही, आंकी नावाचं सॉफ्टवेअर ठेवतं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर आंकीड्रॉइड नावाने फुकट, आयफोनवर मात्र पैसे पडतात.

तीन सूचना. एक, दुसऱ्याने बनवलेले पाच हजार शब्दांचे डेक, म्हणजे कार्डांचे तयार गठ्ठे, उचलू नका, आज तुमच्या धड्यात जे आलं त्याचीच कार्डं स्वतः करा, करतानाच निम्मं पाठ होतं. दोन, सुट्टा शब्द नको, छोटं वाक्य घ्या, आणि जर्मन-फ्रेंचला आर्टिकल लावून घ्या. तीन, आंकी आपणहून रोज २० नवीन कार्डं देतं, ते सेटिंगमध्ये जाऊन ८-१० वर आणा, कारण आज टाकलेलं प्रत्येक कार्ड पुढे परत परत येतं आणि रोज १० नवीन घेतली तरी काही आठवड्यांत रोजची उजळणी सत्तर-ऐंशी-शंभर कार्डांवर जाते. परीक्षेच्या दिवसांत नवीन शून्य करा पण उजळणी चालू ठेवा.

पायरी ७: तीस सेकंदांचं श्रुतलेखन

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. शाळेत बाई श्रुतलेखन घालायच्या तेच, फक्त बाईंच्या जागी व्हिडिओ.

धड्यातला साधारण तीस सेकंदांचा तुकडा घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐका, स्क्रीनकडे बघू नका, किती माणसं बोलतायत, कुठे आहेत, रागात आहेत की आनंदात एवढंच ओळखा. दुसऱ्यांदा ऐकताना ओळखीचे शब्द टिपा. मग एकेक वाक्य थांबवून जे ऐकू येतंय ते पूर्ण लिहा, अर्थ कळो न कळो, आवाज ऐकून लिहा, लागलं तर स्पीड ०.७५ वर ठेवा. एक वाक्य तीन-चार वेळा ऐकूनही कळत नसेल तर तिथे रेघ मारून पुढे जा. सगळं झालं की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं जसंच्या तसं लिहिलेलं असतं ते, उघडा आणि लाल पेनने तपासा.

आता लाल झालेल्या जागा नीट बघा, खरा अभ्यास इथे आहे. चुका तीनच प्रकारच्या निघतात. शब्द माहीतच नव्हता, मग त्याचं कार्ड करा. शब्द माहीत होता पण बोलताना शेजारच्या शब्दाला चिकटला म्हणून ओळखू आला नाही, मग तेवढा तुकडा दहा वेळा ऐका. किंवा शब्द ऐकू आला पण शेवटचा प्रत्यय चुकला, मग ते व्याकरण, धड्यात परत जाऊन बघा. शेवटी ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून त्या आवाजाबरोबरच, अर्धा सेकंद मागे राहून, मोठ्याने बोला. पहिल्या दिवशी तीस सेकंदांना अर्धा तास लागेल, लागू द्या. महिन्याभराने वेग वाढलेला स्वतःलाच दिसतो.

थोडं पुढे गेलात की फ्रेंचवाल्यांना आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र मिळतं, खाली लिखित मजकुरासकट. जर्मनवाल्यांना डॉइचे वेलेच्या हळू वाचलेल्या बातम्या आहेत, पण हळू असल्या तरी भाषा अवघड आहे, बी२ च्या आसपासची, तेव्हा ए१ ला तिकडे जाऊन खचू नका, त्यापेक्षा यूट्यूबवर ईझी जर्मन बघा, रस्त्यावरच्या लोकांच्या मुलाखती आणि खाली दोन भाषांत सबटायटल्स. जपानीवाल्यांना एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या, कांजीवर उच्चार लिहिलेला असतो.

पायरी ८: चूक दाखवणारं माणूस शोधा

आपल्या दांडिया बाजारात श्री अरविंदांचं घर आहे, येता-जाता सगळ्यांनीच बघितलंय. ते १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, कॉलेजात फ्रेंचही शिकवायचे, आणि इथेच राहून त्यांनी संस्कृत स्वतःच्या अभ्यासाने केलं, मराठी-गुजराती शिकले. ग्रीक-लॅटिन कोळून प्यायलेला माणूस, पण बोलती बंगाली पक्की करायची वेळ आली तेव्हा दिनेंद्रकुमार रॉय नावाचे बंगाली लेखक बडोद्याला येऊन त्यांच्याकडे राहिले. एवढ्या मोठ्या माणसालाही बोलण्यासाठी समोर माणूस लागलं, आपल्याला तर लागणारच.

सगळ्यात जवळचं, आपल्याच आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंच, जर्मन, रशियन अशी डिपार्टमेंट्स आहेत. तुम्ही इंजिनियरिंगला असलात तरी तिथल्या सिनियर विद्यार्थ्यांशी ओळख करून घ्या. कोणी आठवड्याला अर्धा तास तुमचं लिहिलेलं बघून दिलं तरी ते सोनं आहे, बदल्यात तुम्ही त्यांना मॅथ्स, कोडिंग, जे येतं ते शिकवा. दुसरं म्हणजे आपल्याच लेव्हलचा जोडीदार, दोघांनी तोच कोर्स करायचा आणि दर शनिवारी फोनवर वीस मिनिटं फक्त त्या भाषेत बोलायचं, ठरलेल्या विषयावर, अडलं तरी हिंदीत जायचं नाही.

तिसरं, टँडम आणि हॅलोटॉक सारखी अ‍ॅप्स, जिथे तिकडची माणसं आपली भाषा शिकवतात आणि आपण त्यांना इंग्लिश किंवा हिंदी. ए१ संपल्याशिवाय इथे जाऊ नका, बोलायला काही नसतं आणि दोघंही ओशाळतात. जर्मनी-फ्रान्स आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहेत, म्हणजे आपल्या रात्री नऊला तिकडे दुपारचे साडेचार किंवा साडेपाच, कॉलेजच्या मुलांना सोयीची वेळ. जपान साडेतीन तास पुढे, तेव्हा त्यांच्याशी आपल्या संध्याकाळी पाच-सहालाच बोलायला हवं. अर्धा तास ठरवा, पंधरा मिनिटं त्यांची भाषा पंधरा मिनिटं आपली, घड्याळ लावून. आणि मुलींनो विशेष करून ऐका, मुलांनीही, फोन नंबर आणि घरचा पत्ता द्यायचा नाही, पहिले काही महिने अ‍ॅपमध्येच बोलायचं, कोणी पैशाचं, गुंतवणुकीचं, गिफ्ट पाठवतो वगैरे काढलं की त्याच क्षणी ब्लॉक. पटत नसलेला कॉल बंद करायला कारण द्यावं लागत नाही.

चॅटबॉटचं आता सगळेच विचारतात. लिखाण तपासायला तो कामाचा आहे, पण त्याला सांगायचं कसं ते महत्त्वाचं. परिच्छेद लिहून दे असं म्हटलं तर तुमचा अभ्यास त्यानेच केला. आधी स्वतः सहा-सात ओळी लिहा आणि सांगा की मी ए१ ला आहे, माझं वाक्य बदलू नको, फक्त चूक कुठल्या शब्दात आहे ते दाखव आणि नियमाचं नाव सांग, दुरुस्ती मी करते. मग दुरुस्त करून परत द्या. तो कधीकधी चुकीचा नियमही अगदी छातीठोकपणे सांगतो, म्हणून शंका आली की कोर्समध्ये बघा किंवा आठवड्याच्या त्या माणसाला विचारा.

पायरी ९: वाचन, आणि एक आपल्या घरचं वाक्य

ए२ पर्यंत धड्यातलंच वाचा, त्यानंतर बाहेरचं. बाहेरच्या वाचनाची सुरुवात मी एका ठराविक कागदाने करायला सांगते. मानवी हक्कांचा जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केला, पाचशेहून जास्त भाषांत तो फुकट मिळतो, मराठीतही आहे. आणि त्याच्या पहिल्या कलमात आधी सगळे पुरुष असा अर्थ निघेल असे इंग्लिश शब्द होते, ते बदलून सगळी माणसं असं करायला लावणाऱ्या हंसा मेहता, म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या लायब्ररीत तुम्ही रोज बसता.

जर्मनमध्ये पहिलं वाक्य अकरा शब्दांचं आहे, आल्ल मेन्शन झिन्ट फ्राय उन्ट ग्लाइश आन व्यूर्ड उन्ट रेष्टन गेबोरन. मूळ जर्मन उघडून शेजारी मराठी ठेवा. गेबोरन म्हणजे जन्मलेली, ते बघा कुठे बसलंय, अगदी शेवटी, आपल्यासारखं, आणि झिन्ट, म्हणजे आहेत, ते मात्र तिसऱ्याच जागेवर, सगळी माणसं एवढं संपल्या संपल्या. जर्मन क्रियापद असं दोन तुकडे होऊन मधे सगळं धरून ठेवतं हे व्याकरणाच्या तक्त्यापेक्षा या एका वाक्यात लवकर डोक्यात जातं. रोज एक कलम, आवाज करून वाचायचं, क्रियापदांखाली रेघ मारायची, अडलेले शब्द आधी अंदाजाने आणि मग डिक्शनरीत. कलमं एकूण ३० आहेत.

डिक्शनरी म्हणून ट्रान्सलेटर वापरू नका, त्यात एकच अर्थ मिळतो. जर्मनला लेओ किंवा डिक्ट-सीसी, फ्रेंचला वर्डरेफरन्स, जपानीला जिशो.

पायरी १०: परीक्षा आणि क्रेडिट

अ‍ॅपचं सर्टिफिकेट रेझ्युमेत लिहायला ठीक आहे पण परदेशातली युनिव्हर्सिटी सहसा ते धरत नाही, तिथे मान्यताप्राप्त परीक्षाच लागते. जर्मनला गोएथेची परीक्षा, ए१ ला १०० पैकी ६० ला पास, ऐकणं वाचणं लिहिणं बोलणं चारही असतं. फ्रेंचचं डेल्फ, १०० पैकी ५० पण चारही भागांत २५ पैकी किमान ५ पाहिजेतच, आणि हा डिप्लोमा आयुष्यभर चालतो. जपानीचं जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असतं, एन५ ला १८० पैकी ८० लागतात, पण लिसनिंगमध्ये ६० पैकी १९ च्या खाली गेलात तर बाकी कितीही असले तरी नापास. या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं नसतंच, त्यामुळे नुसतं एन४ पास झालेल्या मुलाला इंटरव्ह्यूत स्वतःची ओळख सांगता येत नाही असं होतं, तुम्ही पायरी ८ सोडू नका.

स्वयम् चे कोर्स डिग्रीत क्रेडिट म्हणून धरता येतात, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे युनिव्हर्सिटी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा कोर्सना देऊ शकते. पण देऊ शकते म्हणजे आपोआप मिळतं असं नाही, कोर्सला नाव घालण्याआधी आपल्या फॅकल्टी ऑफिसात तो कोर्स चालेल का ते लेखी विचारून घ्या. आधी कोर्स करून मग अर्ज घेऊन गेलं की फार धावपळ होते.

परीक्षेचा फॉर्म भरायच्या दोन महिने आधी जुना पेपर, सगळ्या संस्था सँपल पेपर फुकट ठेवतात, घड्याळ लावून पूर्ण सोडवा. पास मार्कांच्या पंधरा-वीस वर येत असाल तरच पैसे भरा, काठावर असाल तर पुढच्या वेळी द्या, फी छोटी नसते आणि जेएलपीटीचं सेंटर मुंबई-पुण्याचं घेतलंत तर जाणं-राहणंही धरावं लागतं. मुंबईला नातेवाईक असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, रात्रीच्या ट्रेनने उतरून तसंच लिसनिंगला बसू नका. जेएलपीटीचे फॉर्म परीक्षेच्या बरेच आधी बंद होतात आणि सेंटरच्या जागा भरतात, तेव्हा तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात भरा. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही आणि आडनाव आधी की शेवटी यात कागदोपत्री फरक असतोच, आणि सर्टिफिकेटवरचं नाव नंतर बदलून घेणं खूप त्रासाचं जातं. पासपोर्ट अजून काढला नसेल तर ए१ सुरू करता करताच अर्ज करून टाका.